टिनावरचे गोटे

आधी तिला वाटलं, मशीनच हलतंय.

द्रोणाचं मशीन तसं रोजच हलायचं. पायानं दाबलं की वरचा साचा खटकन खाली यायचा, हिरवा कागद वाटीसारखा वाकायचा आणि खालची जमीन जराशी थरथरायची. पण सत्यशीलानं पाय उचलला तरी थरथर थांबेना... जमिनीच्या पोटातून कुणी रिकामी बैलगाडी भरधाव हाकत नेतंय, असा आवाज आला. फळीवरची पितळी भांडी एकमेकींना लागून किणकिणली. छताचं टीन वाजलं. आणि मग—

मग ती रस्त्यावर होती.

उंबरठा कधी ओलांडला, पायात चप्पल आहे की नाही, काही कळलं नाही. बोरवाडीची सगळी गल्ली ओरडत होती. कुत्री भुंकत होती. समोरच्या खळ्यात हळद शिजवायच्या कढईतलं पिवळं पाणी काठावरून सांडत होतं. आणि सत्यशीला एका अनोळखी माणसाचा दंड दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती. निळा शर्ट, नव्या साबणाचा वास, आणि तो माणूसही तिच्याइतकाच कापत होता.

“मले सोडू नका,” ती म्हणाली. “सोडू नका हो मले...”

आणि तिचे शब्द तिलाच वरून ऐकू आले. मोठे, घरघरणारे. ग्रामपंचायतीच्या छतावरचा भोंगा तिच्या आवाजात साऱ्या गावाला सांगत होता— सोडू नका हो मले.

त्या माणसाच्या हातात बिनतारी माइक होता. चालू.

जमीन थांबली. गल्लीही थांबली. सगळे तिच्याकडे पाहत होते. कुणीतरी घाबरलेलं, फुटकं हसू हसलं. सत्यशीलानं चटका बसल्यासारखा त्याचा दंड सोडला.

“बंद करा ना ते!”

हेही गावानं ऐकलं. त्यानं गडबडीत बटण दाबलं. भोंगा खरखरून गप्प झाला आणि त्या शांततेत तिला आठवलं.

बाबा.

बाबा आत बाजेवर होते. बळीराम. लकव्यानं उजवं अंग गेलेले, उठवल्याशिवाय उठता न येणारे. मशीनपासून त्यांच्या बाजेपर्यंत हात लांब केला तर पोचेल, एवढंच अंतर. आणि ती दाराकडे पळाली होती.

आत सगळीकडे माती उडत होती. कोपऱ्यातलं टीन सरकलं होतं, भिंत आणि टीन यांच्यामधून उन्हाची पट्टी आत आली होती. त्या पट्टीत, बाबांच्या उशीला लागून, फुटक्या जात्याचं पाळू पडलेलं होतं. वीतभर इकडे पडलं असतं तर...

तो गोटा तिनंच वर ठेवला होता. मागच्या मिरगात टीन उडू नये म्हणून शिडी लावून, एकटीनं. तेव्हा गल्ली म्हणाली होती, बळीरामची पोरगी पोरापेक्षा भारी हाये. आणि तिनं ते किती दिवस मनात मिरवलं होतं!

बाबांच्या पापण्यांवर माती होती. ते डोळे मिचकावत तिच्याकडे पाहत होते.

“पाणी दे माय,” ते सावकाश म्हणाले. “तोंडात माती गेली.”

तिनं पाणी दिलं. निम्मं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. तू कुठं होती, असं त्यांनी विचारलं नाही. त्या वेळी नाही, संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

पाण्याच्या टाकीवर बायकांना विषय मिळाला होता.

“काय वो सत्ये, सोडलं का मंग त्यानं?”

“अवं, त्यानं कुठं धरलतं? हिनंच धरलतं!”

सत्यशीला मान खाली घालून गुंड भरायची. ही लाज तिला सोसत होती. खरं सांगायचं तर या लाजेच्या तळाशी कुठंतरी साबणाचा एक वास होता, आणि तो आठवला की ती स्वतःवरच चिडायची. पण दुसरी लाज... तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नव्हतं. बापाला टाकून पळालेली पोरगी, असं टाकीवर कुणी म्हणालं नाही. म्हणून ती ते स्वतःच स्वतःला म्हणायची. बाबांना भाकर कुस्करून भरवताना ती ताटलीकडे पाहायची, त्यांच्या तोंडाकडे नाही. आणि पूर्वी मशीनवर बसल्या बसल्या ती त्यांच्याशी गप्पा मारायची, तिथं आता नुसतं खटक, खटक.

दोन-चार दिवसांनी दाराशी सावली पडली.

“जयभीम काका.”

तोच निळा शर्ट. आज इस्त्रीचा. खांद्याला पिशवी.

“मी धम्मरत्न पाईकराव. उमरखेडचा. तालुक्याच्या आपत्ती पथकात शिकवाचं काम करतो. भूकंप आला तं काय कराचं, घर कसं मजबूत ठेवाचं... त्या दिवशी ग्रामपंचायतीत तेच सांगून राह्यलो होतो. मी म्हणजे तो...”

“माइकवाला,” सत्यशीला मशीनवरून न उठता म्हणाली.

“हो. माफी मागाले आलो. बटण बंद कराचं राह्यलं.”

“मंग माफीबी माइकवरच मागा. गावाले कळू द्या.”

तो हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. सत्यशीलाला वाटलं होतं, शहरातला मास्तर, आता काहीतरी जोरदार बोलेल. तो नुसता उभा राहिला— पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत.

“बसू दे त्याले,” बाजेवरून बाबा म्हणाले. “पोरगं घामेजलं.”

तो बसला नाही. वर पाहत आतून भिंतीलगत फिरला, सरकलेलं टीन पाहिलं, फळीवरची भांडी पाहिली. मग बाहेर जाऊन छताकडे मान वर केली.

“गोटे काढा लागतील टिनावरचे.”

शेजारच्या अंगणातून सुखीबाईचा आवाज आला. सुखीबाई म्हणजे भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. वयानं थकलेली, आवाजानं नाही.

“गोटे काढा म्हणते! अन् वावधान आलं तं? टीन तू धरशील का रे भाऊ वर चढून?”

“काकू, वाऱ्यासाठी हूक ठोकता येतात. टीन खालच्या पाइपाले बोल्टनं आवळाचं. गोटा वाऱ्याले अडवते, पण घर हाललं का तोच गोटा सगळ्यात आधी खाली...”

तो बोलता बोलता थांबला. दारातून त्याला बाबांच्या बाजेखाली ढकलून ठेवलेलं जात्याचं पाळू दिसलं होतं.

“मीच ठेवलतं ते वर,” सत्यशीला म्हणाली. आवाज सपाट ठेवायचा तिनं खूप प्रयत्न केला. “माझ्याच हातानं. बरोबर त्यायच्या डोक्यावर.”

आता हा म्हणेल, जाऊ द्या, तुम्हाले काय माहीत होतं. सगळे तसंच म्हणतात. त्यानं डोकं खाजवलं.

“शिडी हाये का?” त्यानं विचारलं.

*

शिडी होती. धम्मरत्न चढलाही. अर्ध्यावर जाऊन मात्र थांबला. बराच वेळ थांबला.

“काय झालं?” खालून सत्यशीला.

“काही नाही. इथून... गाव मस्त दिसून राह्यलं.”

“तिथून फक्त सुखीकाकूची म्हैस दिसते.”

“मस्त हाये म्हैस.”

त्याची बोटं शिडीच्या बांबूवर पांढरी पडली होती. सत्यशीलानं ते पाहिलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“उतरा खाली. हळू. खाली पाहू नका, माझ्याकडे पाहा.”

“खाली तुम्हीच हाये,” तो रडवेल्या सुरात म्हणाला. “तुमच्याकडे पाह्यलं तरी खालीच पाह्यल्यासारखं होते ना...”

शेवटी तीच चढली. ओढणी कमरेला खोचली, तापलेल्या टिनावर पाय जपून टाकत एकेक गोटा उचलला आणि शिडीच्या अर्ध्यावर उभ्या त्याच्या हातात दिला. पैनगंगेतले गुळगुळीत गोटे. फुटका वरवंटा. बांधावरचे काळे दगड. दर गोट्यागणिक बोटांना बोटं लागत होती.

“गोटा घ्या म्हणलं. हात नाही.”

“गोट्यासंगं येऊन राह्यला हात. मी काय करू?”

“मंग वापस द्या.”

“कोणता? गोटा का हात?”

तिच्या हातात आता आईचा पाटा होता. आई गेल्यावर मधोमध तडकलेला, मिक्सर आल्यावर वर गेलेला. तिनं तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. तो तिनं खाली दिला तेव्हा धम्मरत्ननं तो बाकीच्या ढिगाऱ्यात टाकला नाही. चुलीजवळच्या ओट्यावर नेला, खिशातला रुमाल काढून पुसला आणि हळूच टेकवून ठेवला. काही विचारलं नाही. वरून तिनं हे पाहिलं. टीन तापलेलं होतं, तळपाय भाजत होते, तरी ती क्षणभर तशीच उभी राहिली...

मग त्यानं आत काम काढलं. बाबांची बाज भिंतीपासून ओढून आतल्या पक्क्या खांबाशी आणली, जिथं वर काही नव्हतं. फळीवरचा हंडा, परात, जर्मनचं पातेलं, सगळं खाली जमिनीवर. कपाट पट्टी मारून भिंतीला आवळलं. गॅसची नळी तपासली. बाबांच्या गोळ्या, बॅटरी, पाण्याची बाटली एका पिशवीत घालून ती त्यांच्या डाव्या हाताशी, म्हणजे चालत्या हाताशी, टांगली.

“काका, हादरा आला तं तुम्ही उठाचं नाही—”

“उठतो कोण रे?” बाबा म्हणाले.

तो ओशाळला. “तसं नाही... म्हणजे उशी डोक्यावर घ्याची. मान झाकाची. आन् हे ठेवा.” त्यानं खिशातून लाल शिट्टी काढली. “आवाज नाही निघाला, तं वाजवाची. कोणीबी शोधत येईल.”

बाबांनी ती लगेच तोंडात घातली आणि अशी फुंकली की सुखीबाईची म्हैस दावं ओढून उठली. त्या दिवसापासून चहा हवा असला की शिट्टी, माशी बसली की शिट्टी. आणि सत्यशीला धम्मरत्नला पाण्याचा गिलास देताना अंमळ जास्त वेळ उभी राहिली, की हमखास शिट्टी.

“हूक-बोल्ट उद्या उमरखेडहून आणतो,” निघताना तो म्हणाला. “आभाळ साफ हाये. एक दिवस काही होत नाही.”

“नक्की उद्या?”

“नक्की. दुपारच्या आत.”

*

दुपारच्या आत तो आला नाही. वारा आला.

होळी नुकतीच झालेली, उन्हं कडक, आणि पैनगंगेकडून एकाएकी काळं-पिवळं वावधान उठलं. धूळ, काटक्या, हळदीची सालपटं. मोकळं टीन आधी नुसतं फडफडलं. मग एक पत्रा दोन वेळा उचलला गेला, जणू वर कुणी झाकण उघडून पाहतंय, आणि तिसऱ्या वेळी तो गेलाच. सुखीबाईच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर जाऊन आपटला. मागोमाग गारा.

सत्यशीलानं बाज ओढली. सुखीबाई धावत आली, तिनं पायथा धरला. दोघींनी बाबांना खांबापलीकडच्या कोरड्या कोपऱ्यात नेलं. लग्नाच्या ऑर्डरचे द्रोण मात्र भिजून लगदा झाले. हिरवं पाणी जमिनीवरून वाहत होतं.

तेवढ्यात फटफटी थांबली. धम्मरत्न दारात. नखशिखांत भिजलेला, हातात हुकांची पिशवी. त्यानं वरचं भगदाड पाहिलं, द्रोण पाहिले, बाबांचे ओले पाय पाहिले.

“तुमच्या भरवशावर गोटे काढले मी,” सत्यशीला म्हणाली. “कुठं होते?”

त्यानं हुकांची पिशवी खाली ठेवली.

“विचारून राह्यली मी. कुठं होते?”

“कटिंगले बसलतो.”

“काय?”

“न्हाव्याकडे... नंबर होता. इकडे याचं होतं म्हणून...” त्याच्या नव्यानं कापलेल्या केसांतून पाणी कपाळावर ओघळत होतं. मान इतकी खाली गेली होती की हनुवटी छातीला टेकली. “तुम्ही इथं भिजून राह्यल्या, आन् मी तिथं आरशात पाहून राह्यलो होतो.”

तिला खूप ओरडायचं होतं. शब्दही तयार होते. पण त्याचा तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. भाकर भरवताना ताटलीकडे पाहणाऱ्या कुणाचा तरी.

“ताडपत्री धरा,” ती म्हणाली. “ते टोक.”

दोघांनी ताडपत्री भगदाडाखाली ताणली. एका खांबाशी ती, दुसऱ्याशी तो, दोघांचे हात वर. मधे पाणी साचून फुगा व्हायचा, मग ते मिळून तो ढकलायचे आणि पाणी धो-धो अंगणात पडायचं. बांधायला दोरी सुखीबाई आणते म्हणाली होती आणि अंगणात हळद झाकत बसली होती.

“एक सांगू?” तो म्हणाला. “त्या दिवशी हॉलमधे साऱ्या बाया बसल्या होत्या. मी सांगून राह्यलो होतो— घाबराचं नाही, धावाचं नाही, एकामेकाले ढकलाचं नाही. ‘ढकलाचं नाही’ म्हणलं, आन् हादरा आला. सगळ्यात आधी दाराबाहेर कोण गेलं माहीत हाये?”

मधला फुगा तिनं एकटीनंच ढकलला.

“मी. तालुक्याचा मास्तर. दारात एक म्हातारी होती, तिले धक्का देऊन. ती पडली. तोंड नाही दिसलं तिचं, पण पडताना पाह्यलं, तरीबी थांबलो नाही. तिथून मी रस्त्यावर आलो, आन् तुम्ही माझा हात धरला. लोकाले वाटलं, मी तुम्हाले आधार देऊन राह्यलो. मीच तं पडलो असतो, तुम्ही नसत्या तं.”

गारा थांबल्या होत्या. ताडपत्रीवर आता नुसती रिपरिप.

“ती म्हातारी मी होती,” दारातून सुखीबाई म्हणाली. हातात दोरी. धम्मरत्नचा हात सुटला आणि थंडगार पाणी सपकन त्याच्याच मानेत गेलं.

“काकू... तुम्हाले लागलं का?”

“गुडघ्याले लागलं. हळदीचा लेप देल्ला.”

“तुम्ही कोणाले सांगतलं काहून नाही?”

“काय सांगू?” सुखीबाईनं दोरी त्याच्या हातात कोंबली. “मी कोणाले ढकललं, माझ्या खाली कोण पडली, ते बी सांगा लागलं असतं ना मंग. धर, बांध ते.”

सत्यशीला हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग थांबेचना. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिनं तोंड खांबाकडे फिरवलं. कोपऱ्यातून शिट्टी वाजली.

*

पत्रा परत चढला. वेल्डर आला, हूक बसले, बोल्ट आवळले गेले. धम्मरत्न शिडीच्या पायथ्याशी उभा राहून वायसर मोजून द्यायचा. द्रोण भिजून गेले होते त्या बदल्यात तो दोन रविवार मशीनवर बसला, अर्धे द्रोण वाकडे पाडले आणि सत्यशीलाकडून भरपूर बोलणी खाल्ली.

“हा द्रोण हाये का होडी?”

“होडी. तुम्हाले बसवून पैनगंगा पार करतो.”

“बुडाली तं?”

“तं... तुम्हीच मले धरसाल.”

लाजत लाजत तिनं होडी त्याच्या डोक्यावर मारली. असे ते दिवस होते. फक्त मधूनच बाजेकडे नजर गेली की तिच्या हसण्याचा रंग उडायचा. हसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं तिला वाटायचं.

शेवटचा बोल्ट आवळून वेल्डर गेला त्या दिवशी धम्मरत्न अंगणात रेंगाळला. हातातला पाना या हातातून त्या हातात.

“सत्यशीला... घराचं काम तं झालं. आता मले इकडे याले काही कारण नाही राह्यलं. म्हणून... कायमचं कारण देता का, असं विचाराचं होतं.”

तिला कळलं. तळपायापासून कानापर्यंत कळलं. तिला हो म्हणायचं होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“त्या कटिंगमुळे का—”

“कटिंगचं नाही ते. मी ज्या माणसाच्या हातात लहानाची मोठी झाली, त्याले मी गोट्याखाली टाकून पळाली. विचार नाही केला, मागं नाही पाह्यलं. उद्या तुम्हाले टाकीन. परवा लेकराले टाकीन. माझे पाय कसे हायेत, ते मले समजलं. अशी बायको कोणी करू नये.”

“मी बी पळालो ना.”

“तुमचा बाप नव्हता तिथं.”

त्यानं खोटं उत्तर शोधलं नाही. पाना पिशवीत ठेवला, दारातून “येतो काका” म्हणाला आणि फटफटी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सुरू तिथं जाऊन केली.

आत आल्यावर ती सरळ मशीनवर बसली. खटक. खटक.

“नाही काहून म्हणलं?” बाबांनी विचारलं.

तिचा पाय थांबला. “ऐकलं तुम्ही?”

“पाय गेले माझे. कान हायेत.” ते श्वास घ्यायला थांबले. एका बाजूनं बोलायचं म्हणजे त्यांना शब्द ओढून आणावे लागत. “त्या दिवशी बी होते. इकडे ये. बस.”

ती बाजेच्या कडेला बसली. नजर जमिनीवर.

“माती पडून राह्यली होती. डोळ्याले काही दिसे ना. मशीनचा आवाज बंद झाला. मी हाक मारली तुले. तू बोलली नाही. मले वाटलं... पोरगी मशीनपाशीच दबली. मी इथं पडून, अन् ती दोन हातावर दबली, अन् मले उठता बी नाही येत.” त्यांचा चालता हात तिच्या मनगटावर आला. “आन् मंग वरतून तुझा आवाज आला. भोंग्यावर. पोरगी बाहेर हाये! जिती हाये, बोलून राह्यली, कोण्या तरी माणसाले धरून हाये. गोटा त्याच्यानंतर पडला, सत्ये. पडला तं पडला. मी तं तेव्हा आरामात होतो.”

ती रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून, त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून. सदऱ्याला अजून मातीचा वास येत होता.

“पण मी पळाली ना बाबा.”

“पळाली,” ते म्हणाले. “मी कुठं नाही म्हणून राह्यलो? पळाली. अन् वापस आली. पहिले पळाली ते तुले याद हाये, वापस आली ते काहून याद नाही? पाणी कोणं पाजलं मले?”

“निम्मं सांडलं.”

“निम्मं पेलो ना मी.”

बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी. दाढी वाढली होती. तिला इतके दिवस दिसलीच नव्हती.

*

धम्मरत्न पुन्हा बोरवाडीत आला तो कामावरच. गावातल्या घरांवरचे गोटे काढून झाले होते. आता एक शेवटचा प्रश्न घरोघरी विचारायचा होता. सत्यशीलाच्या दाराशी तो उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. नाव सोडून आता मॅडम म्हणायला लागला होता.

“मॅडम, एवढंच विचाराचं हाये. हादरा थांबल्यावर घरच्यायनं कुठं जमाचं, ते आधीच ठरवून ठेवा लागते. कोणी वावरात असते, कोणी बाजारात. एकामेकाले शोधत फिरू नये म्हणून. बाकीच्यायनं शाळेचं मैदान सांगतलं. तुमचं...” तो अडखळला. “तुमच्या घरी दोघंच. काका तं हालू शकत नाही. तुमचं काय सांगू, मले समजून नाही राह्यलं.”

ऊन त्याच्या खांद्यावर होतं. गल्लीत वाटलेल्या हळदीचा वास भरला होता. सत्यशीलानं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

“मी पुन्हा पळीन,” ती म्हणाली. “हादरा आला तं. मले माहीत हाये.”

“मी बी पळीन,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“तुमच्या आधी कोणी दाराबाहेर जात नाही, ते बी माहीत हाये.”

त्यानं मान खाली घातली. मग तिच्या आवाजात काहीतरी वेगळं आहे, हे त्याला उशिरा जाणवलं आणि त्यानं वर पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती. गाल लाल, डोळे ओले, पण नजर हलत नव्हती.

“बाबाच्या बाजेपाशी,” ती म्हणाली. “आमच्या घरची जमाची जागा. मी कुठंबी पळाली तरी इथंच येईन. आन् तुम्ही... तुम्ही उमरखेडले असा, ढाणकीले असा, नाहीतर न्हाव्याकडे अर्धी कटिंग सोडून या... पण हादरा थांबला का तुम्हीबी इथंच याचं. दुसरीकडे शोधत बसाचं नाही मले.”

त्याचं तोंड उघडं. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली, ती त्यानं सावरली नाही.

“म्हणजे... मॅडम, हे तुम्ही... घरच्या माणसाले सांगून राह्यल्या?”

“मंग कोणाले? सुखीकाकूच्या म्हशीले?”

“सत्यशीला—”

“आत घे ना वो त्याले,” बाजेवरून बाबांचा ओढलेला आवाज आला. “उन्हात कायले उभं केलं पोराले?”

सत्यशीलानं बाजेशेजारचा द्रोणांचा थप्पा उचलला आणि त्याच्यासाठी जागा केली. धम्मरत्ननं चपला काढल्या, एक सरळ, एक उलटी, आणि आत आला.